डाव्या चाकाचा उखळीचा सांधा

आवाज पहिल्यांदा आला तो आषाढात, म्हसरूळ सोडून दिंडोरी रस्त्याला लागल्यावर. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते आणि दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सकाळी द्वारका, पंचवटी, म्हसरूळ करत जायचं, संध्याकाळी त्याच वाटेनं परतायचं. पावसात डांबराची कड उखडते आणि समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली आली की डावं चाक त्या कडेवरून खाली घ्यावंच लागतं. चाक उतरलं की ‘टक्’, वर चढलं की पुन्हा ‘टक्’. हा आवाज कानाला कमी आणि तळहाताला जास्त कळायचा. स्टिअरिंग धरलेल्या हाताला आतून कुणी टिचकी मारावी तसा.

श्रावण संपेपर्यंत मी तिकडे दुर्लक्ष केलं, हे कबूल करते. आमची वॅगनआर जुनी आहे, पावसाळ्यात तिचं काही ना काही वाजतंच. पण गणपतीच्या सुमाराला दुसरी गोष्ट लक्षात आली. सरळ रस्त्यावर गाडी सरळ ठेवायला मला सारखं थोडं थोडं स्टिअरिंग हलवावं लागत होतं. गाडी एका बाजूला ओढत नव्हती. तिला नक्की कुठे जायचंय हे ठरत नव्हतं, असंच म्हणावं लागेल. एका रविवारी गाडी धुताना डाव्या पुढच्या टायरवरून हात फिरवला. बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत, आतून बाहेर फिरवला तर करवतीच्या दातांसारखा खरखरीत. उजवा टायर दोन्हीकडून सारखाच लागला.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी गाडी उचलली नाही, चाकाला हात लावला नाही. स्टिअरिंग दोनदा इकडेतिकडे फिरवलं आणि स्टिअरिंगचा पूर्ण रॅक बदलावा लागेल म्हणून सांगितलं. आकडा १५ हजारांच्या पुढचा होता. मला पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा राग आला. रोज वर्गात मी मुलांना सांगते की आधी निरीक्षण, मग अनुमान. इथे निरीक्षण झालंच नव्हतं. गाडी तशीच घरी आणली.

आमच्या शेजारी एक काका राहतात. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “रॅक जाईल तेव्हा जाईल. आधी ढिलं काय आहे ते बघू. मुलीला बोलाव, आत बसव.”

लेक आत बसली. इंजिन बंद, किल्ली लावलेली, चारही चाकं जमिनीवर. काकांनी तिला सांगितलं, “वीतभरच हलव. डावीकडे, उजवीकडे, थांबायचं नाही.” आणि मला डाव्या चाकामागे हात घालायला लावून ते एकेका सांध्यावर माझं बोट ठेवत गेले. रॅकच्या रबरी बूटवर, म्हणजे आवरणावर, बोट ठेवलं तर रॉड आणि रॅक एकत्र सरकत होते, मध्ये काही अंतर पडत नव्हतं. मग बोट चाकाजवळच्या सांध्यावर गेलं आणि तोच ‘टक्’ मला बोटाच्या पेरावर जाणवला. रॉड आधी हलायचा आणि चाक किंचित मागून यायचं. दोन महिने हाताला जाणवत होता तो आवाज नेमका इथून येत होता.

खात्रीसाठी गाडी जॅकवर उचलून चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं तेव्हा ते हललं. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं तेव्हा मात्र घट्ट होतं. वर-खाली धरून हललं असतं तर बेअरिंगचा किंवा खालच्या आर्मच्या बॉल जॉइंटचा संशय घ्यावा लागला असता. आडवं धरून हललं म्हणजे दोष स्टिअरिंगच्या बाजूचा. दोष होता टाय रॉड एंडचा.

हा भाग काय करतो ते सांगते, कारण ते कळलं तेव्हाच मला काळजी वाटायला लागली. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं. ते फिरलं की आडवी दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, डावीकडे-उजवीकडे सरकते. रॅकच्या दोन्ही टोकांना रॉड असतात आणि रॉडच्या बाहेरच्या टोकाला हा एंड. त्याच्या पोटात पोलादाची एक गुळगुळीत गोळी असते, ती गोल खोबणीत बसलेली असते आणि तिची दांडी खाली निघून चाकाच्या नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागात, घट्ट जाते. चाक खड्ड्यात वर-खाली होतं, वळणावर फिरतं, आणि तरी रॉडनं त्याला धरून ठेवायचं असतं, म्हणून तिथे सगळ्या दिशांना फिरणारा सांधा लागतो. आपल्या खांद्याला आणि खुब्याला असतो तोच, उखळीचा सांधा. बोराएवढी ती गोळी खोबणीतून निसटली, तर ते चाक स्टिअरिंगचं ऐकणंच सोडून देतं आणि त्याला वाटेल तिकडे वळतं. मी त्या गाडीत लेकीला आणि आईला घेऊन फिरत होते. त्र्यंबकलाही जाऊन आले होते.

आमच्या सांध्याचं रबरी बूट एका बाजूनं फाटलं होतं. दाबलं तर ग्रीसऐवजी तांबूस पाणी आलं. काका म्हणाले, “जुन्या जीपला इथे ग्रीस निपल असायचं, महिन्याला ग्रीसगन मारायची. हे बंद डबीसारखं आहे. बूट फाटलं की पाणी आणि रेती आत, मग गोळी आपली खोबणी आपणच खाते.” डावीकडचाच का गेला, हे मला न विचारताच कळलं. उखडलेल्या कडेवरून रोज उतरत होतं ते डावं चाक. उजवा सांधाही हलवून पाहिला. त्याचं बूट शाबूत होतं, ढिलेपणा मुळीच नव्हता. तो तसाच ठेवायचं ठरवलं. जोडीनंच बदलतात असं पुष्कळ जण सांगतात, पण ज्याला काही झालेलं नाही तो काढण्यात मला अर्थ दिसला नाही.

द्वारकेजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नवीन एंड आणला. चारशेच्या आसपास पडला. दुकानदारानं गाडीचं साल विचारलं, पॉवर स्टिअरिंग आहे का विचारलं, डावा की उजवा विचारलं. डावा-उजवा वेगळा असतो हे मला ठाऊक नव्हतं. एंडचा दांडा किंचित वाकलेला असतो, त्यामुळे एका बाजूचा दुसरीकडे चालत नाही. सोबत नवीन नट आणि तो फिरू नये म्हणून घालायची नवीन स्प्लिट पिन आहे ना ते तिथेच डबी उघडून पाहिलं.

काम त्याच दिवशी करायचं होतं, पण तेव्हा खंडेनवमी होती. काकांनी आपली सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, सॉकेटच्या गोट्या, छोटा घण, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही. मी नुसती आंब्याच्या पानांची माळ लावायला मदत केली आणि गाडीखाली जाऊन गंज सुटायचं तेल नटांवर भरपूर मारून आले. दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मारलं. आता वाटतं, ही दोन दिवसांची सक्तीची रजा मिळाली नसती तर चेकनट, म्हणजे एंडला रॉडवर घट्ट ठेवणारा नट, इतक्या सहज सुटला नसता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुरुवात केली. पार्किंगच्या सपाट कोब्यावर गाडी, पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वेढा ढिले केले, कारण उचलल्यावर चाक फिरत राहतं आणि जोर लागत नाही. मग जॅक. जॅकवर उचललेल्या गाडीखाली काका कुणालाही हात घालू देत नाहीत. त्यांच्या घरातून लोखंडी घोडी आणून ती सांगाड्याच्या मजबूत जागी लावली, गाडीचं वजन तिच्यावर उतरवलं आणि काढलेलं चाक आडवं करून दरवाज्याखालच्या पट्टीखाली सरकवलं. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. या तयारीला अर्धा तास गेला आणि एक मिनिटही वाया गेलं असं मला वाटलं नाही.

आता खुणा. लेकीच्या नेलपॉलिशनं रॉडच्या आट्यांजवळ एक पांढरी रेघ मारली. तिथपासून गोळीच्या गोल घराच्या मध्यापर्यंत स्टीलच्या पट्टीनं अंतर मोजलं. १४२ मिलिमीटर. वहीत लिहिलं. मला वाटलं होतं वेढे मोजले की झालं, सगळे तेच सांगतात. काका म्हणाले, “वेढे मोजच, पण मापही घे. मोजणीची चूक मापात सापडते.”

चेकनट आधी सोडवायचा, सांधा नकलमध्ये घट्ट असतानाच. नंतर सोडवायला गेलं तर सगळंच सोबत फिरतं. एक पाना एंडवर, दुसरा चेकनटवर, आणि पाव वेढाच. मग स्प्लिट पिन. ती गंजून एकजीव झाली होती, वाकवलेलं टोक पकडीनं सरळ करताना तुटलंच. राहिलेला तुकडा बारीक पंचानं ठोकून काढला. किल्ल्याच्या बुरुजासारखे खाचे असलेला नट १७ च्या गोटीनं सुटला. तो पूर्ण काढला नाही, दांडीच्या टोकाशी चार आटे ठेवला.

आणि सांधा जागचा हलला नाही. नट सैल केला तरी दांडी नकलमध्ये जशीच्या तशी. ही दांडी सरळ नसते, निमुळती असते. नट तिला खेचून निमुळत्या भोकात रुतवतो. कुऱ्हाडीच्या दांड्यातली पाचर एकदा बसली की ठोकणं थांबवलं म्हणून निघत नाही, तशी ही पाचर वर्षानुवर्षं तिथे बसलेली. मी घण घेऊन दांडीवर खालून मारायला गेले तर काकांनी हात धरला. खालून मारलं की आटे चेपतात, नट निघत नाही, आणि मग खरा घोळ होतो. मारायचं ते नकलच्या डोळ्याच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या कड्याच्या, बाजूला, आडवं. त्यांनी दुसरा जड हातोडा विरुद्ध बाजूला टेकवून धरला आणि म्हणाले, “आता मार, न घाबरता.” भोक क्षणभर लांबट होतं आणि पाचरीची पकड सुटते, असं त्याचं कारण. पहिल्या चार ठोक्यांत काही नाही. मग काकांनी पुलर, म्हणजे रुतलेला सांधा ढकलून काढायचं साधन, लावला. त्याच्या स्क्रूवर अजून खंडेनवमीचं कुंकू होतं. दांडीच्या टोकावर स्क्रू आवळून ताण दिला आणि पुन्हा बाजूनं ठोका. दुसऱ्या ठोक्याला बंदुकीसारखा आवाज झाला आणि सांधा सुटला. नट होता म्हणून तो उसळून वर आला नाही. लेक वरच्या गच्चीवरून ओरडली, “आई, काय फुटलं?”

लेक खाली आली. जुना एंड फिरवून काढताना दोघींनी मोठ्यानं वेढे मोजले. पंधरा. हातात आल्यावर त्याची दांडी बोटानं ढकलली तर ती आपल्याच वजनानं लोंबकळून पडली. नवीन एंडची दांडी हलवायला अंगठ्याला चांगलाच जोर द्यावा लागत होता. दोन्ही मुलीच्या हातात दिले, सांगायला काही उरलं नाही.

रॉडचे आटे तारेच्या ब्रशनं साफ केले, किंचित ग्रीस लावलं, नवीन एंड पंधरा वेढे चढवला. पट्टी लावली. १४४.५. मी तीनदा मोजलं. दोन्ही एंड शेजारी ठेवून पाहिल्यावर उलगडा झाला. नवीनच्या आतले आटे जुन्यापेक्षा थोडे वेगळ्या जागी सुरू होत होते. एकाच गाडीचे भाग, पण वेगळ्या साच्यातले. आट्याचं अंतर १.२५ मिलिमीटर, म्हणजे दोन वेढे जास्त चढवायचे. चढवले, पट्टी १४२ वर आली. काकांनी वहीतच गणित मांडून दाखवलं. सांध्यापासून चाकाच्या वळण्याच्या आसापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर धरले तर एक वेढा म्हणजे चाक अर्ध्या अंशाहून थोडं अधिक फिरतं. दोन वेढ्यांची चूक म्हणजे सव्वा अंशाच्या आसपास. एवढ्या वाकड्या चाकानं मी दिंडोरीला गेले असते तर टायरनं तक्रार करायला फार दिवस लावले नसते.

दांडी नकलमध्ये घातली, नट लावला, आणि नटासोबत आतली गोळीच फिरायला लागली. नवीन सांध्यात हे होतंच, कारण पाचर अजून रुतलेली नसते. एंडच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून काकांनी पहारीनं खाली दाबून धरला, दांडी भोकात रुतली आणि नट धरला. पुस्तकात दिलेल्या मापाला टॉर्क पान्यानं आवळला. पिनेचं भोक आणि नटाची खाच जुळली नाही, थोडक्यात चुकली. माझा हात आपोआप नट किंचित ढिला करायला गेला. “कधीच नाही,” काका म्हणाले. इथे नट मागे घ्यायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचाच. मागे घेतला की पाचर सैल, आणि सैल पाचर भोक रुंदावत जाते. पुढे आवळला, नवीन पिन घातली, दोन्ही टोकं वाकवली. जुनी पिन पुन्हा वापरायची नसते, एकदा वाकलेली तार दुसऱ्यांदा वाकवली की तिथेच तुटते.

शेवटी चेकनट. तो आवळताना एंड पान्यानं धरून ठेवला, नाहीतर सांधा तिरका होऊन एका बाजूला टेकतो. रॅकचं रबरी बूट पिळलं गेलं नाही ना ते पाहिलं, थोडं पिळलं होतं, हातानं सरळ केलं. चाक, नट आडवे-तिडवे क्रमानं, गाडी खाली, मग चाकाचे नट टॉर्क पान्यानं ८५ न्यूटन-मीटरला. पुन्हा लेकीला आत बसवलं, पुन्हा वीतभर हलवायला सांगितलं, पुन्हा बोट ठेवलं. रॉड आणि चाक आता एकदमच हलत होते.

पहिली चक्कर कॉलनीतच, दुसऱ्या गिअरच्या वर नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, ब्रेक मारून पाहिलं, परत येऊन चाकामागे टॉर्च मारली. मग मुंबई नाक्याच्या बाजूला चाकांच्या अलाइनमेंटला. हे घरी होत नाही आणि टाळायचंही नाही. कितीही मापून बसवलं तरी टायर शाबूत ठेवायचा असेल तर मशीनवर चढवावंच लागतं. मशीननं डावं चाक ०.१५ अंश बाहेर दाखवलं. तिथल्या मुलानं चेकनट सोडून रॉड जेमतेम पाव वेढा फिरवला आणि स्टिअरिंग मधोमध आलं. तो म्हणाला, “मॅडम, कुणी बसवलाय? बरोबर बसवलाय.” काकांना हे घरी येऊन सांगितलं. ते पुलरचा स्क्रू पुसत होते, नुसती मान हलवली.

सोमवारी दिंडोरी रस्त्यावर कड आली, चाक उतरलं, चढलं. हाताला काही लागलं नाही.

जुना एंड मी टाकला नाही. काकांच्या व्हाइसमध्ये घट्ट धरून हॅकसॉनं मधोमध कापला. आतली गोळी एका बाजूनं चपटी झाली होती, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिकचं अस्तर अर्धं उरलेलं. तो तुकडा आणि माणसाच्या सांगाड्याचं चित्र दोन्ही वर्गात नेलं, उखळीचा सांधा शिकवायचाच होता. मुलांनी तो हातोहात फिरवला. मागच्या बाकावरच्या एकानं गोळी अंगठ्यानं हलवून पाहिली आणि म्हणाला, “मॅडम, आमच्या पिकअपचं पण असंच टकटक वाजतं. द्राक्षांचा माल भरला की जास्त.” त्याला फळ्यावर चाक काढून दिलं, नऊ आणि तीनवर कसं धरायचं, एकानं स्टिअरिंग हलवायचं आणि दुसऱ्यानं बोट कुठे ठेवायचं ते सांगितलं. गाडी जॅकवर असताना खाली जायचं नाही, हे दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थना सुटताच तो धावत आला. म्हणाला, “मॅडम, वडिलांनी स्टिअरिंग हलवलं, मी बोट ठेवलं. उजवीकडचा आहे.”